मावशी, तेल भरून ठेवू का? नवीन दुकानदारांनी बातम्या कशा वाचायच्या

माझ्या भाच्याने इगतपुरीला भजी-वड्याची गाडी टाकली तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी त्याचा फोन असतो, मावशी न्यूजमध्ये असं आलंय, तेल भरून ठेवू का, बेसन घेऊ का, रेट वाढवू का. तुकड्या तुकड्याने सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय, त्याच्यासारख्या बाकीच्या नव्या लोकांनाही उपयोग होईल. माझं सिन्नरला फरसाणचं छोटं काम आहे, शेव, पापडी, चिवडा, दिवाळीत फराळ, तीन बायका कामाला आणि एक भट्टी. अर्थशास्त्र वगैरे शिकलेली नाही, बारावी कॉमर्स, तेही जेमतेम. पण बातमीने गल्ला कसा हलतो ते रोज बघते.

आधी माझी फजिती सांगते म्हणजे बाकीचं पटेल.

२०२२ च्या फेब्रुवारीत, २४ तारखेला, रशियाने युक्रेनवर हल्ला केला. सूर्यफूल तेल आपल्याकडे बरंचसं तिकडूनच येतं, ते अडकलं, आणि एक तेल महागलं की लोक दुसऱ्या तेलावर जातात म्हणून सोयाबीन, पामतेल सगळ्यांनीच उसळी मारली. ते सावरतंय न सावरतंय तोच एप्रिलमध्ये इंडोनेशियाने जाहीर केलं की २८ तारखेपासून पामतेलाची निर्यात बंद. टीव्हीवर दिवसभर तेच, होलसेलवाला म्हणतोय ताई उद्या डबा मिळणार नाही, आणि मी भिशीचे पैसे उचलून ४० डबे घेऊन ठेवले. घरात झोपायला जागा नाही इतके डबे. २३ मे ला इंडोनेशियाने बंदी उठवली. महिनासुद्धा झाला नव्हता. जुलैपर्यंत डब्यामागे चारशेच्या पुढे भाव खाली आला होता आणि माझ्याकडे अजून निम्मे डबे शिल्लक, शेजारचा नव्या भावाच्या तेलात शेव तळून किलोमागे कमी रेट लावतोय आणि मी बघत बसलेय.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की बातमी खोटी नव्हतीच. मी फक्त एवढा प्रश्न विचारला नव्हता की ही बंदी टिकणार किती दिवस. पामतेल विकणं ही ज्या देशाची मोठी कमाई, त्यांच्या टाक्या भरल्या, तिथल्या शेतकऱ्यांची फळं कोणी घेईना, ते रस्त्यावर आले. असा निर्णय लांबणं कठीणच होतं. तेव्हापासून माझी रीत ठरलीय, मोठी बातमी आली की आधी बघायचं यात मार कोणाला बसतोय आणि तो किती दिवस गप्प बसेल. आता पायऱ्या.

पायरी १ : टीव्ही बंद करा, वही काढा

तुमच्या मालाची पडतळ, म्हणजे तो बनवायला येणारा खर्च, काढा. किलोभर शेव बनवायला काय काय लागलं ते लिहा, बेसन, तेल, मसाला, गॅस, मजुरी, पिशवी, टेम्पो भाडं, गाळ्याचं भाडं, कर्जाचा हप्ता. मनात नको, वहीत. माझ्याकडे किलोभर शेवेत साधारण ३०० ते ३५० ग्रॅम तेल मुरतं, म्हणजे तेल किलोला १० रुपयांनी वाढलं तर माझी शेव किलोमागे तीन-साडेतीन रुपयांनी महाग पडते, घाण्यात वाया जाणारं तेल धरलं तर थोडं जास्त. हा आकडा माहीत असला की बातमीची भीती अर्धी कमी होते. टीव्हीवाला ओरडतो तेलाचा भडका, तुम्ही म्हणता बरं, साडेतीन रुपये.

मग त्यातल्या सगळ्यात मोठ्या चार-पाच गोष्टींखाली रेघ मारा. माझ्या तेल, बेसन, गॅस, मजुरी. चहाची टपरी असेल तर दूध, साखर, गॅस. शिवणकाम असेल तर कापड आणि लाइटबिल. या रेघ मारलेल्या गोष्टींच्या बातम्या तुमच्या, बाकीच्या करमणुकीच्या. उदाहरणार्थ अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर एकूण ५० टक्के टॅरिफ लावलं तेव्हा आमच्या कट्ट्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता, पण शेव-चिवड्याच्या वहीत त्याची एकही ओळ नाही. हां, तुमचं दुकान सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यासमोर असेल तर तीच बातमी तुमची पहिल्या नंबरची, कारण तिथला बराच टॉवेल अमेरिकेला जातो आणि ऑर्डर थांबली की कामगाराचा ओव्हरटाइम थांबतो आणि संध्याकाळची भजी पण थांबते.

पायरी २ : आपल्या वस्तूचा भाव कोण ठरवतं ते शोधा

होलसेलवाला भाव ठरवत नाही, तो फक्त सांगतो. त्याच्या मागे कोण आहे ते एकदा समजून घ्या, पुन्हा पुन्हा करायचं काम नाही.

तेलाचं घ्या. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलकडून, सूर्यफूल रशिया-युक्रेनच्या बाजूने. म्हणजे भावाच्या तीन दोऱ्या झाल्या, तिकडचा भाव, डॉलरचा रेट आणि दिल्लीतलं आयात शुल्क. पहिल्या दोन आपल्या काय कोणाच्याच हातात नाहीत. तिसरी मात्र पूर्ण राजकारणाची आहे आणि ती थोडी ओळखता येते.

२०२४ चा सप्टेंबर आठवा. लातूर, वाशिम, हिंगोली सगळीकडे सोयाबीनवाला शेतकरी चिडलेला, हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात त्याच्या खाली रेट, आणि वर नोव्हेंबरमध्ये विधानसभा. १३ सप्टेंबरला संध्याकाळी केंद्राने कच्च्या तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, बाकीचे सेस धरून साडेपाचचं साडेसत्तावीस, आणि रिफाइंडचं पावणेचौदावरून पावणेछत्तीस. बाहेरचं तेल महाग केलं की सोयाबीनला भाव मिळेल हा हिशोब. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच होतं, मी तक्रार करत नाही, पण दिवाळी १ नोव्हेंबरला होती आणि माझ्या फराळाच्या ऑर्डरी गणपतीतच, जुन्या भावाने, घेऊन झाल्या होत्या. त्यात एका कंपनीची दीडशे बॉक्सची ऑर्डर. त्यांना फोन केला तर साहेब म्हणे तुम्ही लिहून दिलाय रेट. लिहून दिला होता खरा. त्या दिवाळीत आम्ही तिघी-चौघी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तळत होतो आणि शेवटी हातात मजुरीच तेवढी राहिली.

त्यातली अजून एक गंमत. शुल्क लागलं १४ तारखेपासून, म्हणजे त्याआधी देशात आलेलं तेल जुन्या शुल्काचं. सरकारने स्वतः सांगितलं की कमी शुल्काचा साठा ४५ ते ५० दिवस पुरेल, कंपन्यांनी लगेच भाव वाढवू नयेत. पण माझ्या होलसेलवाल्याने दुसऱ्याच दिवशी रेट वाढवला. मी भांडले. तो म्हणाला ताई हा डबा विकून मला पुढचा डबा नव्या भावाने घ्यायचाय, मग जुन्या भावाने कसा देऊ. राग आला पण त्याचं चुकतं कुठे. बाजारातला भाव उद्याच्या मालाचा असतो, गोडाऊनमधल्या मालाचा नाही, हे नव्या माणसाने एकदा डोक्यात घट्ट बसवलं पाहिजे. आणि उलटं पण खरं, ३० मे २०२५ च्या आसपास कच्च्या तेलावरचं तेच शुल्क २० चं १० टक्के केलं तेव्हा भाव काही दुसऱ्या दिवशी उतरला नाही. चढताना लिफ्ट, उतरताना जिना.

बेसनाचं असंच हरभऱ्याशी, आणि हरभऱ्याचं बाहेरून येणाऱ्या पिवळ्या वाटाण्याशी. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याची आयात बिनशुल्क खुली केली, स्वस्त बेसनात तो मिसळला जातो हे धंद्यात सगळ्यांना माहितीय, त्यामुळे वाटाणा स्वस्तात आला की हरभऱ्याची तेजी थोडी दबते. तुमच्या भुसार व्यापाऱ्याशी चहा पिताना वाटाण्याचं काय चाललंय एवढं विचारा, तो अर्धा तास बोलेल.

गॅसचं सोपं, १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरचा भाव साधारण दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, आदल्या आठवड्यात एक टाकी भरून ठेवावी की थांबावं एवढाच प्रश्न. घरगुती टाकी धंद्यात वापरू नका, स्वस्त दिसते पण पकडले की टाकी, शेगडी सगळं जातं.

पायरी ३ : बातमीला चार प्रश्न विचारा

घोषणा झालीय की आदेश निघालाय? कधीपासून लागू? कोणत्या मालाला? आणि कधीपर्यंत?

भाषणात सांगितलेलं आणि कागदावर निघालेलं यात खूप अंतर असतं. जीएसटीचं बघा. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून सांगितलं की दिवाळीला करात दिलासा मिळणार. कौन्सिलची मीटिंग ३ सप्टेंबरला झाली. दर लागू झाले २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी. मधल्या महिनाभरात काय झालं सांगते, दुकानदार माल उचलेनात, म्हणाले भाव कमी होणारेत ना मग आत्ता कशाला भरू, आणि गिऱ्हाईक विचारतंय काकू अजून स्वस्त नाही झालं का. ऐन गणपतीत माझा पॅकिंगचा माल पडून. पाकीटबंद नमकीनवरचा १२ टक्के कर ५ वर आला, चांगलंच झालं, पण तो महिना हातउसने घेऊन काढला. तेव्हा लक्षात ठेवा, चांगली बातमीसुद्धा घोषणा आणि तारीख यांच्या मधल्या दिवसांत धंदा थांबवते. त्या दिवसांत माल कमी बनवा, छोटे घाणे काढा, पाकिटं जास्त छापून ठेवू नका कारण एमआरपी बदलणारे.

तिसरा प्रश्न, कोणत्या मालाला. तोच १२ टक्के फक्त पाकीटबंद, लेबल लावलेल्या मालाला होता, सुट्ट्या नमकीनला आधीपासून ५ च होता. आणि ज्यांची उलाढाल कमी आहे, वर्षाला ४० लाखांच्या आत, आणि फक्त माल विकतात, त्यांना साधारणपणे नोंदणीच लागत नाही. तरी अशी कितीतरी मंडळी मी बघितली की जीएसटी कमी झाला म्हणून नाचतायत आणि स्वतः जीएसटी भरतच नाहीत. त्यांना फायदा झाला तो खरेदीत, विक्रीत नाही. तुमचं कुठे बसतं ते सीएला किंवा कर सल्लागाराला एकदा पैसे देऊन विचारा, फुकट सल्ला महाग पडतो.

चौथा प्रश्न कधीपर्यंत, याचं उत्तर कागदावर असलं तरी त्यावर फार विसंबू नका. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, तिच्यावर ३१ मार्च २०२४ ही तारीख लिहिलेली होती. मार्च संपायच्या आत कागद बदलला, पुढील आदेशापर्यंत. ज्यांनी ३१ तारखेवर भरवसा ठेवून कांदा धरून ठेवला त्यांचं काय झालं असेल ते आमच्या तालुक्यात विचारा.

पायरी ४ : गिऱ्हाईकाच्या खिशात बातमी काय करतेय ते बघा

ही पायरी मला सगळ्यात उशिरा कळली आणि सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

नवा माणूस फक्त खरेदीकडे बघतो, काय महागलं काय स्वस्त झालं. कांदा स्वस्त झाला की भाचा खुश, भज्याची पडतळ कमी. पण माझं गिऱ्हाईक कोण, कांदेवालेच. लासलगाव, उमराणे, पिंपळगाव, आमचं सिन्नर, आख्खा जिल्हा कांद्यावर. कांदा पडला की भज्याचं गणित सुधारतं आणि दुकान ओस पडतं.

२०२३-२४ चं वर्ष सविस्तर सांगते कारण यात सगळं राजकारण आलंय. १९ ऑगस्ट २०२३ ला कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. दोन दिवसांत लिलाव बंद, लासलगावला आणि बाकीच्या बाजार समित्यांत व्यापारी, शेतकरी दोघंही संपावर. तिकडे दिल्लीत सरकार स्वतःचा साठवलेला कांदा २५ रुपये किलोने विकत होतं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठेवलं, म्हणजे त्याच्या खालच्या भावाने बाहेर विकायचा नाही, आणि डिसेंबरमध्ये थेट बंदी, नेमका लाल कांदा बाजारात यायच्या वेळी. शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त पाहिजे आणि तो मत देतो, १९९८ मध्ये दिल्ली राज्याचं सरकार कांद्याच्या भावात गेलं हे कुठलाच पक्ष विसरलेला नाही. मग मार कोणाला बसला, आमच्याकडच्या लोकांना. त्या हिवाळ्यात माझी किलोची विक्री पाव किलोवर आली. लग्नाच्या ऑर्डरी आल्या, पण पाचशे पानांच्या जागी तीनशे पानं. उधारीची वही जाड झाली, आणि उधारी मागायला जायची पण लाज, कारण समोरच्याने ट्रॅक्टर भरून कांदा विकला आणि हातात भाडं सुटलं नाही हे मला माहीत.

मग मार खाणारा किती दिवस गप्प बसेल हा आपला प्रश्न. लोकसभेचं मतदान नाशिक-दिंडोरीत २० मे ला होतं. ४ मे ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून, म्हणजे दार उघडलं आणि साखळी लावून ठेवली. लोकांनी काय ते ओळखलं, दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या गेल्या, आणि कांद्याने फटका दिला हे नंतर अजित पवारांनीसुद्धा बोलून दाखवलं. आणि मग विधानसभेच्या आधी, १३ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे ज्या दिवशी माझं तेल महाग झालं त्याच दिवशी, कांद्याचं किमान मूल्य काढलं आणि शुल्क निम्मं केलं. ते उरलेलं २० टक्के पण १ एप्रिल २०२५ पासून गेलं. बघा म्हणजे, एकाच दिवशी दोन कागद, एकाने माझा खर्च वाढवला, दुसऱ्याने माझ्या गिऱ्हाईकाला थोडा श्वास दिला. नुसती खर्चाची वही बघितली असती तर मी तो दिवस वाईट म्हटला असता.

तुमच्या गावात कांद्याच्या जागी दुसरं काही असेल. नागपूर-अमरावतीकडे संत्रं, तिकडे बांगलादेशने आयात शुल्क वाढवलं की वरुड-मोर्शीचा बाजार बसतो. विदर्भात कापूस, ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं, इचलकरंजी-मालेगावच्या बाजूने ऐकलं तर बरं झालं म्हणतील, यवतमाळला विचारलं तर शिव्या देतील. कोल्हापूर-सांगलीला ऊस आणि कारखान्याचं बिल. म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहा, माझं गिऱ्हाईक कमावतं कशावर. शेतीवर, कंपनीवर, सरकारी पगारावर की योजनेच्या पैशावर.

योजनेचे पैसे हे हसण्यावारी नेऊ नका. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० सुरू झाले, पहिले दोन हप्ते रक्षाबंधनाच्या तोंडावर एकदम जमा झाले, आणि पुढे आचारसंहितेच्या आधीच ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे दिले. त्या त्या आठवड्यात आमच्या बाजारपेठेत बायकांची गर्दी, बँकेसमोर रांग आणि रांगेतून परत येताना अर्धा किलो चिवडा. योजना चांगली की वाईट यावर माझं मत आहे, पण ते घरी. दुकानात एवढंच बघायचं, हप्ता कधी पडतोय, त्याच्या आदल्या दिवशी माल तयार पाहिजे.

पायरी ५ : कॅलेंडरवर खुणा करा

राजकारण अचानक येतं असं वाटतं पण त्यातलं बरंच तारखेने येतं. १ फेब्रुवारी केंद्राचं बजेट. मार्चच्या आसपास राज्याचं. एप्रिलमध्ये हवामान खात्याचा पहिला मान्सूनचा अंदाज. साधारण जूनमध्ये खरिपाचे हमीभाव, ऑक्टोबरच्या सुमारास रब्बीचे. दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेची व्याजदराची मीटिंग.

या शेवटच्याचं थोडं सांगते. २०२५ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत साडेसहावरून सव्वापाचवर आला आणि सगळीकडे हप्ता कमी झाला हप्ता कमी झाला चाललं होतं. तुमचा झाला का बघा. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराचं छोट्या उद्योगाचं कर्ज घेतलं असेल तर ते बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेच्या हातात नसलेल्या दराला, जोडलेलं असतं, बहुतेक रेपोलाच, आणि ते कमी व्हायला पाहिजे, नाही झालं तर शाखेत जाऊन लेखी विचारा. पतसंस्थेचं किंवा फायनान्स कंपनीचं असेल तर ती जोडणी त्यांच्यावर बंधनकारक नाही, तिथे रेपोच्या बातमीने हुरळून जाऊ नका. माझं मशीनचं कर्ज पतसंस्थेचं होतं, मी उगाच पेढे वाटले.

निवडणूक लागली की आचारसंहिता, आणि आचारसंहितेत रोख. ५० हजारांच्या वर कॅश घेऊन निघालात आणि नाक्यावर भरारी पथकाने धरलं तर पैसे कुठले, कशासाठी, हे कागदाने दाखवावं लागतं. बँकेतून काढल्याची स्लिप किंवा पासबुकची नोंद, खरेदीची बिलं, दुकानाचं लायसन्स, जवळ ठेवा. धरले तर घाबरून तिथेच तडजोड करत बसू नका, पावती घ्या, अशी रक्कम परत मिळवायला जिल्ह्यात समिती असते तिथे कागद द्या. सोपा उपाय म्हणजे ते महिना-दीड महिना मोठी पेमेंट बँकेतून करा. आणि निवडणुकीत नाश्त्याच्या ऑर्डरी भरपूर येतात, कार्यकर्ते पोरं येऊन शंभर प्लेट सांगतात. सगळ्या पक्षांना द्या, पण अॅडव्हान्स घेऊन. निकालानंतर हरलेला सापडत नाही आणि जिंकलेल्याला वेळ नसतो.

पायरी ६ : बंद, संप, रास्ता रोको

याला फार डोकं लागत नाही, दोन-तीन दिवस पुरेल एवढा कच्चा माल कायम घरात हवा, बस. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत टँकर-ट्रक ड्रायव्हरांनी हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रात्रीपर्यंत रांगा, आणि माझा टेम्पोवाला डिझेल नाही म्हणून घरी. माल तयार, पोचवायला गाडी नाही. तेव्हापासून टाकी अर्धी झाली की भरायची असं त्याला सांगितलंय. बंदच्या दिवशी शटर अर्धं वर ठेवून धंदा करायची हुशारी करू नका, एक काच फुटली तर महिन्याची कमाई जाते. नाशवंत माल आदल्या दिवशी बनवूच नका.

पायरी ७ : मग साठा करायचा का? आणि रेट कसा वाढवायचा?

साठ्याचा माझा नियम, नेहमीचा १० दिवसांचा माल असेल तर तेजीच्या बातमीला फार तर २० दिवसांचा. त्याच्या पुढे नाही, कितीही छातीठोक सांगू देत. स्वतःच्या पैशाने, भिशीच्या नाही. आणि डाळी-बिळींचा मोठा साठा करणाऱ्यांनी सरकारची साठा मर्यादा आहे का ते बघा, जून २०२३ मध्ये तूर आणि उडदावर लावली होती तेव्हा किरकोळ दुकानदाराला प्रत्येक डाळीची ५ टनांची मर्यादा होती. गाडीवाल्याला याची काळजी नको, पण होलसेलकडे वळणाऱ्याला हवी.

रेट वाढवताना दर बातमीला वाढवू नका. माझं असं की पडतळ पाच टक्क्यांपर्यंत वाढली तर मी गिळते, त्याच्या वर गेली आणि पंधरा दिवस तिथेच राहिली तर वाढवते, एकदाच, सरळ बोर्ड लावून. वजन कमी करायचा मोह होतो, करायचं तर पाकिटावर नवं वजन छापून करा, २०० ग्रॅम लिहून १८० भरणं हा गुन्हा आहे आणि गिऱ्हाईक घरी जाऊन काट्यावर ठेवतं. आणि जेव्हा तेल उतरतं तेव्हा किलोमागे दोन-पाच रुपये खाली या. लोकांना ते फार लक्षात राहतं.

ऑर्डरींसाठी २०२४ च्या त्या दिवाळीनंतर मी कोटेशनच्या खाली एक ओळ छापूनच घेतलीय, हीच वापरा: "वरील दर ७ दिवसांसाठी. तेल किंवा कराच्या दरात बदल झाल्यास दर त्या प्रमाणात बदलतील. निम्मी रक्कम आगाऊ." आगाऊ रक्कम आली की त्याच दिवशी त्या ऑर्डरीपुरतं तेल उचलायचं. मग शुल्क लागो नाहीतर निघो, ती ऑर्डर सुटली. कंपनीवाले थोडी कुरकुर करतात, करू देत, त्यांच्या स्वतःच्या कोटेशनवर असल्या दहा ओळी असतात.

अफवांचं

व्हॉट्सअॅपवर आलेलं आदेशाच्या कागदासारखं दिसत असलं तरी चोवीस तास थांबा. १९ मे २०२३ ला २,००० ची नोट मागे घेतली तेव्हा आमच्या गल्लीत अर्ध्या दुकानदारांनी त्याच रात्री नोट घेणं बंद केलं, २०१६ च्या नोव्हेंबरची धास्ती, दुसरं काय. पण ही नोटाबंदी नव्हती, नोट चालत होती, बँकेत भरायला आधी ३० सप्टेंबर आणि मग ७ ऑक्टोबरपर्यंत मुदत होती. मी घेतल्या, दर दोन दिवसांनी बँकेत भरल्या, आणि त्या चार महिन्यांत नवीन गिऱ्हाईक जोडलं गेलं ते आजही येतं.

१० रुपयांच्या नाण्याचं तर विचारूच नका. बंद झालं, बंद झालं म्हणून कित्येक वर्षं कोणी घेत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलंय की १० च्या नाण्याचे तेव्हापर्यंतचे चौदाही प्रकार चालतात, रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलं, दोन्ही. तुमच्याकडे साठली असतील आणि कोणी घेत नसेल तर सिन्नरला आणून द्या, मला सुट्ट्याची रोजच मारामार असते.